कोकरे सरांच्या नावावरचे तास

बातमी आली ती आमच्या बंद पडलेल्या ग्रुपवर. 'तासिका' हे त्या ग्रुपचं नाव. शहरातल्या एका शिक्षणसंस्थेच्या ऑनलाइन पदवी अभ्यासक्रमाला तासांच्या हिशोबानं शिकवणारे आम्ही दहा-बारा जण त्यात होतो. मागच्या वर्षीचं पहिलं सत्र सुरू झालं तेव्हापासून तिथं कोणी काही लिहिलं नव्हतं. भांडून कोणी बाहेर पडलं नव्हतं, नुसतं बोलणं थांबलं होतं. एका सकाळी राज्यशास्त्राच्या शेख सरांनी तिथं एक ओळ टाकली. "कोकरे सर गए. आज सुबह. गाव को ले जा रहे, चितेगाव के आगे." ज्यांची ही बातमी होती, तेच त्या ग्रुपचे अॅडमिन होते. मग एकामागून एक जोडलेले हात येऊ लागले. मी काही लिहिलं नाही. गावालाही गेले नाही.

सुदाम कोकरे इतिहासाचे शिक्षक होते. वय पन्नाशीच्या अलीकडचं. डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका असं लिहिलं आहे. कामाच्या ताणानं शिक्षकाचा बळी, असं काहीजण म्हणाले. मी पुष्कळ वर्षं एका दैनिकाच्या डेस्कवर काढली. पुराव्याशिवाय तसा मथळा मी तिथं कोणाला लावू दिला नसता आणि इथंही लावणार नाही. त्यांच्यावर काम किती होतं, हे मात्र मला नीट माहीत आहे. कारण त्यातलं बरंचसं काम आधी आमचं होतं.

आवृत्तीची पानं कमी झाली तशी डेस्कवरची माणसंही कमी झाली आणि मी या अभ्यासक्रमात 'वृत्तलेखन' हा विषय शिकवायला लागले. तासावर शिकवणाऱ्याला स्टाफरूम नसते, ऑनलाइन शिकवणाऱ्याला तर वर्गही नसतो. नेमणुकीचा आदेश एका सत्रापुरता. सत्र संपलं की आपण कोणीच नसतो, पुढचा आदेश आला की पुन्हा मॅडम. मोबदला मिळतो तो लिंक सुरू असलेल्या तासाचा. तयारी, स्वाध्याय तपासणं, मुलांच्या फोनवरच्या शंका हे सगळं त्या तासाच्या पोटात धरलेलं. आदेश घ्यायला म्हणून पहिल्यांदा चिकलठाण्याला संस्थेच्या कार्यालयात गेले, तेव्हा रांगेत माझ्यापुढं कोकरे उभे होते. त्यांनी मागं वळून पाहिलं आणि विचारलं, "नवीन का? मग हे कागद परत वाचू नका. वाचलं की सही करू वाटत नाय." रांगेतले सगळे हसले. बाहेर आल्यावर समोरच्या टपरीवर त्यांनी सगळ्यांना चहा पाजला आणि तिथंच फोन काढून 'तासिका' हा ग्रुप तयार केला. "स्टाफरूम नाय ना आपल्याला, मग ही समजा," म्हणाले.

त्यानंतर दर सत्राच्या सुरुवातीला आम्ही त्या टपरीवर जमत असू. कोकरे मेंढपाळाच्या घरातले. वडील आयुष्यभर मेंढरांमागं फिरले, धाकटा भाऊ अजूनही फिरतो. हे सगळं ते सहज सांगायचे. कौतुक करून घेण्यासाठी नाही आणि दयेसाठीही नाही. शेख सर त्यांना चिडवायचे, "सर, आपका इतिहास पुरा मेंढरां पे चलता है. शिवाजी महाराज भी पहले मेंढरं देखते, फिर गड." कोकरे म्हणायचे, "मग? गडावर वाट दाखवायला कोण होतं, तुमचं राज्यशास्त्र?" त्या टपरीवर ऐकलेली त्यांची एक गोष्ट इथं सांगायला हवी, कारण पुढं जे झालं ते मी त्याच मापानं मोजते. चार-पाच घरं आपली मेंढरं एकत्र करून निघतात, त्या फिरत्या मुक्कामाला ते वाडा म्हणत. रात्री मेंढरं एखाद्याच्या शेतात बसवायची, शेताला खत मिळतं, वाड्याला धान्य मिळतं. शेतकऱ्याशी बोलणी करायला एकटा कारभारी जातो. सगळे गेले की भाव पडतो. पण जे ठरलं, ते परत येऊन वाड्यासमोर बोलायचं. बायका भाकरी टाकत असल्या तरी हात थांबवून ऐकतात. वाड्यासमोर बोललं नाही तोवर काही ठरलेलं नसतं. कोकरेंचे वडील असे कारभारी होते. "भाव कमी मिळाला तरी बापाला कोणी बोललं नाय," कोकरे म्हणाले होते, "पण आमच्या एका चुलत्यानं एकदा ठरलेलं लपवलं. तो पुढच्या वर्षी वाड्यात नव्हता."

दीड वर्षापूर्वी संस्थेनं नव्या अटी काढल्या. वेगवेगळ्या तुकड्या एकाच लिंकवर जोडायच्या आणि तो एकच तास धरायचा. तीन तुकड्यांची मुलं, तीन तुकड्यांचे स्वाध्याय, तीन तुकड्यांच्या शंका आणि मोबदला एका तासाचा. हे मान्य असेल तर पोर्टलवर होकार नोंदवायचा. होकार नोंदवला की वेळापत्रकात नाव येणार. आम्ही टपरीवर जमलो. ठराव कोणी लिहिला नाही, पण शब्द स्पष्ट होते. तुकड्या वेगळ्या धरल्याशिवाय कोणीही होकार द्यायचा नाही. सगळ्यांनी हात रोखला तर संस्थेला सत्र सुरू करता येणार नाही. बोलणी कोकरेंनी करायची. हे नाव कोणी सुचवलं, ते आठवत नाही. सुचवावं लागलंच नाही. एक तरुण शिक्षिका, घराचा हप्ता डोक्यावर असलेली, म्हणाली, "सर, पण मुदत संपली तर?" कोकरे म्हणाले, "मुदत त्यांनी घातली ना? मग संपवायची का वाढवायची तेच बघतील. तुम्ही फकस्त हात बांधून बसा." हे वाक्य मी शब्दशः देते आहे. आम्ही हात बांधून बसलो.

पहिल्या भेटीनंतर त्यांनी ग्रुपवर लिहिलं, 'संचालकांनी ऐकून घेतलं.' दुसऱ्या भेटीनंतर, 'थोडं थांबा.' त्यानंतर काहीच नाही. फोन केला की म्हणायचे, "चालू हाय, चालू हाय..." आणि विषय बदलायचे. आवाज थकल्यासारखा वाटला, पण तेवढ्यावरून शंका घेण्यासारखं काही नव्हतं. मुदत संपली. दुसऱ्या दिवशी पोर्टलवर वेळापत्रक लागलं. डेस्कवर असताना पान छपाईला जाण्याआधी ते शेवटचं नजरेखालून घालायची सवय होती. तसंच मी ते वेळापत्रक वरून खाली वाचलं आणि मग पुन्हा वाचलं. इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, लोकप्रशासन, वृत्तलेखन. 'सामाजिक शास्त्रे गट' या एका शीर्षकाखाली आमचे सगळे विषय जोडलेले होते आणि प्रत्येक ओळीपुढं एकच नाव होतं. एस. बी. कोकरे.

आम्ही त्यांना टपरीवर बोलावलं. ते आले, हे मान्य करायला हवं. उभेच राहिले. "मॅडम, माझं जरा ऐका," असं त्यांनी सुरुवातीला म्हटलं. शेख सर म्हणाले, "सुनने के वास्तेच तो बैठे थे सर. मुदत खतम होए तक बैठे थे." त्या तरुण शिक्षिकेनं विचारलं, "तुम्ही होकार कधी दिला?" टपरीवाल्यानं सवयीनं सगळ्यांपुढं कप ठेवले, कोकरेंपुढंही ठेवला. ते म्हणाले, "आता सांगून काय उपेग नाय," आणि मोटारसायकलला किक मारून गेले. वाड्यासमोर बोलायचं असतं, हे आम्हाला याच माणसानं शिकवलं होतं... त्या दिवशी कोणी ते त्यांना ऐकवलं नाही. मला सुचलं होतं. मी बोलले नाही, कारण ते त्यांना माझ्याहून जास्त माहीत होतं.

पुढचं वर्ष ज्यानं त्यानं आपापल्या परीनं काढलं. शेख सर एका खासगी शिकवणीत लागले. ती शिक्षिका एका विमा कंपनीच्या कार्यालयात गेली, घर मात्र भाड्यानं द्यावं लागलं आणि ती सासरी राहायला गेली. मी भाषांतरं करते. कोकरेंचा मला एकदाच फोन आला. सत्र सुरू होऊन थोडे दिवस झाले होते. कसलीही प्रस्तावना न करता त्यांनी विचारलं, "मॅडम, बातमीचा इंट्रो म्हणजे नेमकं काय ते पोरांना कसं सांगायचं? मी सांगतो त्यात त्यांना गोष्टीची सुरुवात वाटायलीय." माझेच तास, माझाच विषय आणि तो कसा शिकवायचा हे मलाच विचारत होते. मी म्हटलं, "पुस्तकात आहे." ते म्हणाले, "व्हय, पुस्तकात हाय..." आणि फोन ठेवला. आमचं बोलणं झालं ते एवढंच.

त्यांचं तेरावं झाल्यावर शेख सरांचा फोन आला. "मॅडम, मेरेकू जाने का नहीं था. पन भाभी का फोन आया. बच्चे रुकते नहीं बोल रहे." झालं होतं असं की, कोकरेंच्या सगळ्या विषयांच्या विद्यार्थ्यांचे ग्रुप त्यांच्याच नंबरवर होते. त्यांच्या निधनानंतर संस्थेनं त्या सगळ्या ग्रुपांवर एकच सूचना टाकली होती. ती मी नंतर स्वतः वाचली. पहिल्या वाक्यात शोक होता. दुसऱ्या वाक्यात म्हटलं होतं, 'परीक्षा जवळ आल्याने विद्यार्थ्यांनी आपल्या शंका याच ग्रुपवर विचाराव्यात.' त्यांची उत्तरं कोण देणार, हे सूचनेत कुठंच नव्हतं. डेस्कवर अशी सूचना आली असती तर मी फोन करून विचारलं असतं. इथं विचारायला कोणी नव्हतं. मुलं विचारत होती आणि फोन वाजत होता तो कोकरेंच्या घरात.

मुकुंदवाडीला त्यांचं भाड्याचं घर आहे, वर गच्चीत पत्र्याची एक खोली. ते तिथून शिकवत. शेख सर आणि मी गेलो, तेव्हा कोकरेंच्या पत्नी संगीता वहिनींनी आम्हाला वर नेलं. टेबल, खुर्ची, दोरीनं बांधलेला फोनचा स्टँड आणि खुर्चीमागच्या भिंतीवर खिळ्यांना अडकवलेली एक काळी घोंगडी. "पत्र्याचा आवाज घुमायचा म्हणून लावली. सासऱ्याची हाय," वहिनी म्हणाल्या. "एका पोरीला तो फळा वाटला. विचारी, सर, फळ्यावर लिहीत का नाय तुम्ही. लई हसले होते." आम्ही बसलो. चहा आला. शेख सर आपल्या चहाकडं पाहत म्हणाले, "भाभी, एक पूछूँ? गुस्सा मत होना. उन्होंने ऐसा कायकू किया?" या प्रश्नाची वहिनी बहुधा वाटच पाहत होत्या. रडल्या नाहीत. साधं सांगितलं.

संचालकांनी कोकरेंना सांगितलं होतं, तुम्ही होकार दिला नाही तर पुण्याच्या एका कंपनीकडून बाहेरचे शिक्षक घेऊ. मग तुमच्यापैकी कोणालाच जागा राहणार नाही. त्यावर कोकरेंनी सगळे तास स्वतःच्या नावावर घेतले. "ते म्हणायचे, मी रुमाल टाकलाय संगीता," वहिनी म्हणाल्या. "एस्टीत टाकत्यात ना, तसा. बाहेरचा बसू नये म्हणून. पुढच्या सत्राला उठून ज्याची त्याला जागा देतो, असं म्हणायचे." शेख सरांनी विचारलं, "फिर? दुसरा सत्र तो आया था." वहिनी म्हणाल्या, "गेले होते साहेबांकडं. दोघाचौघांना तरी घ्या म्हणले. साहेब म्हणले, कोकरे, तुम्ही एकटे भागवताय की. मग बाकीचे कशाला?"

नंतर मी यावर पुष्कळ विचार केला. वहिनी खोटं बोलल्या असं मला वाटत नाही. कोकरे घरात खोटं बोलले असतील, असंही वाटत नाही. पण एस्टीत खिडकीतून रुमाल टाकणारा खाली उभ्या असलेल्याला ओरडून सांगतो, टाकलाय, ये सावकाश. आम्हाला कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आम्ही मानलं असतं का? कदाचित नसतं. भांडलो असतो, कदाचित सगळेच होकार देऊन मोकळे झालो असतो, कदाचित पुण्याच्या कंपनीला येऊ दिलं असतं. पण ते आम्ही ठरवलं असतं. आमच्या पोटाचा निर्णय त्यांनी आमच्या वतीनं घेतला आणि ती धमकी खरी होती का, हे तपासायची संधीही आम्हाला ठेवली नाही. आणि एवढं करून त्यांनी संस्थेला जे हवं होतं तेच सिद्ध करून दिलं. दहा-बारा जणांचं काम एक माणूस करू शकतो. संस्थेनं फसवलं तर वाईट वाटत नाही. संस्थेकडून तेवढी अपेक्षा ठेवूनच आपण रांगेत उभे राहतो. कोकरेंबाबत मला तशी तयारी करून ठेवता आली नव्हती.

वहिनींनी फोन पुढं केला. "मला यातलं काय बी कळत नाय. बंद करते म्हणलं तर ऑफिसातून सांगितलं, परीक्षेपर्यंत चालू राहू द्या." शेख सरांनी फोन हातात घेतला, खिशातून चष्मा काढला आणि राज्यशास्त्राचा ग्रुप उघडून वर वर सरकवत राहिले. मध्येच थांबले. "ये देखो. राज्यसभा समझाए हैं, मेंढरां के वाडे पे. हर घर का एक बुजुर्ग बैठता, और वाडा उठता तो भी वो बैठक नहीं टूटती..." मी विचारलं, "चूक आहे का?" ते म्हणाले, "गलत होता तो अच्छा होता." मग खाली येऊन त्यांनी एका मुलाच्या प्रश्नाला एका बोटानं उत्तर लिहायला सुरुवात केली. मी म्हटलं, "सर, हे आपण का करतोय?" त्यांनी वर न बघता सांगितलं, "मैं कहाँ कर रहा. कोकरे सर का नंबर है."

वृत्तलेखनाचा ग्रुप मी उघडला. सत्राच्या सुरुवातीला कोकरेंनी तिथं लिहिलं होतं, 'मुलांनो, हा विषय माझा नाही. माझ्या एक सहकारी मॅडम तो फार चांगला शिकवतात. मी जमेल तेवढं सांगतो, तुम्ही सांभाळून घ्या.' ते वाचून राग ओसरायला हवा होता. तसं झालं नाही. जे आम्हाला सांगायचं ते त्यांनी मुलांना सांगितलं होतं. मुलांना मी कोण हे माहीत नव्हतं आणि माझा नंबर त्याच फोनमध्ये होता.

आता आम्ही पाळीपाळीनं जातो. शेख सर शुक्रवारी नमाजनंतर, मी रविवारी दुपारी. ती तरुण शिक्षिका विमा कार्यालयातून सुटल्यावर येते आणि अर्थातच तीही बिनपगारीच. फोन घरी नेला तर चाललं असतं, पण कोणी नेत नाही. वहिनी वर चहा आणून ठेवतात आणि खाली जातात. संस्थेनं अजून कोणाची नेमणूक केलेली नाही. गरज पडलेली नाही. मुलांना उत्तरं मिळताहेत, तक्रार कोणाची नाही. हे सगळं थांबवलं पाहिजे, हे आम्हा तिघांनाही कळतं. फोन बंद करून कार्यालयात नेऊन दिला की झालं. पण परीक्षा तोंडावर आहे आणि प्रश्न विचारणाऱ्यांनी आमचं काही वाईट केलेलं नाही.

मागच्या रविवारी मी त्या खुर्चीत बसले. पाठीमागं घोंगडी होती. तिच्यामुळं खोलीत आवाज खरंच घुमत नाही, आपलं टाइप करणंसुद्धा बारीक ऐकू येतं. वेरूळजवळच्या एका गावातल्या मुलीनं विचारलं होतं, बातमीचा इंट्रो आणि गोष्टीची सुरुवात यात फरक काय? मी लिहिलं, गोष्टीत शेवट राखून ठेवतात. बातमीत जे झालं ते आधी सांगतात, कारण वाचणाऱ्याला ते कळण्याचा हक्क असतो. उत्तर पोहोचलं, तिनं वाचलं. मग तिचा दुसरा संदेश आला. 'कोकरे सर तर वारले. मग हे कोण लिहितंय?'

खालून वहिनींच्या भांड्यांचा आवाज येत होता. मी लिहिलं, 'या विषयाची शिक्षिका.'

'बरं मॅडम,' तिचं उत्तर आलं. 'मग अजून एक विचारू का?'